चिपांची घराणी आणि दोन व्होल्टांचा तह

#धागा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, मोडी कागद आणि पडक्या बुरुजांवरील शिलालेख येतात. आजच्या धाग्यातील दस्तऐवज त्या सर्वांहून पुष्कळ धाकटा आहे. एका काळ्या, चौदा-वीस पायांच्या चिपेसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकातील एका तक्त्यात तो दडलेला असतो. त्यात दोन आकडे असतात: ०.८ व्होल्ट आणि २.० व्होल्ट. हे आकडे १९६०च्या दशकात अमेरिकेत ठरले. त्यांची अंमलबजावणी मात्र आजही चालू आहे, आणि ती न ओळखल्यामुळे भंडारा जिल्ह्यातील एका विहिरीवरची मोटार जळाली. ती विहीर आमची होती, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

आंधळगाव हे मोहाडी तालुक्यातील गाव. कोशाच्या कापडासाठी त्याचे नाव विदर्भाबाहेरही घेतले जाते. गावात माग आणि शिवारात धान, अशी इथल्या जगण्याची दोन अंगे. आमच्याकडे उन्हाळी धान असे, आणि शेतीपंपाला वीज बहुधा रात्रीची. विहीर आटत आली की मोटार आपोआप बंद व्हावी, म्हणजे बाबांना रात्री दोनदा उठून बांधावर जावे लागणार नाही, एवढ्यासाठी पदविकेच्या शेवटच्या वर्षी मी एक मंडल जुळवले. मध्यभागी ८९सी५१ हा मायक्रोकंट्रोलर, विहिरीत सोडलेल्या तीन तारा, पाय अपुरे पडले म्हणून एक ७४एलएस१३८, आणि मोटारीचा आदेश धरून ठेवण्यासाठी एक ३७४ क्रमांकाची चिप. यादीत मी ७४एलएस३७४ लिहिले होते. दुकानात ७४एचसी३७४ मिळाली. "नंबर तोच आहे, चालून जाईल," असे दुकानदार म्हणाले. घरी टेबलावर बल्ब लावून पाहिले, तर खरोखरच चालून गेले.

शेतात ते अकरा रात्री चालले. बाराव्या रात्री विहीर आटली, मायक्रोकंट्रोलरने मोटार बंद करण्याचा आदेश दिला, स्टार्टरचा काँटॅक्टर खटकन सुटला आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा ओढला गेला. प्रोग्रॅमच्या हिशेबी मोटार बंद होती. म्हणून त्याने पुन्हा काही विचारलेच नाही. पहाटेपर्यंत मोटार कोरडी फिरली. बाबा त्या रात्री प्रथमच निश्चिंत झोपले होते. धान ऐन लोंबीवर असताना मोटार वाइंडिंगला गेली, आणि ते आठ दिवस शेजाऱ्यांकडून पाणी घेण्यात गेले. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते अधिक लागले.

दोष कोठे होता हे समजायला मला पुढे कित्येक महिने लागले. उत्तर माहितीपत्रकात होतेच, परंतु ते तसे का आहे याचे उत्तर इतिहासात होते.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. मागावर ताण्याचा धागा एक तर वर उचललेला असतो, नाही तर खाली असतो. या दोहोंच्या मधून धोटा धावतो. एखादा धागा अर्धवट उचलला गेला, तर धोटा त्याच्या वरून जाईल की खालून, हे विणकरही सांगू शकत नाही. कापडात मात्र खोट दिसते. डिजिटल मंडलाचेही नेमके हेच आहे. आपण शून्य आणि एक म्हणतो, पण तारेतून ना शून्य वाहतो ना एक. वाहतो तो व्होल्टेज. किती व्होल्टच्या खाली शून्य मानावा आणि कितीच्या वर एक, हे कोणीतरी ठरवावे लागते. मधला पट्टा म्हणजे अर्धवट उचललेला धागा. चिपांचे 'घराणे' म्हणजे मुख्यतः हा उंबरठा एकसारखा मानणाऱ्या चिपांचे कुळ.

आरंभी असे कुळ नव्हतेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण मंडळींनी तो उभा केला. अशा यंत्रात शून्य आणि एक यांची पातळी यंत्र बांधणाऱ्यांनीच ठरवायची असे. कारण एका संगणकाचा भाग काढून दुसऱ्याला जोडावा, अशी वेळच येत नव्हती. प्रत्येक यंत्र म्हणजे स्वतःचे नाणे पाडणारे संस्थान.

नाण्यांचा हा गोंधळ संपण्यास सुरुवात झाली ती एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर बसू लागल्यावर. अपोलो मोहिमेचा मार्गदर्शक संगणक या टप्प्याचे सर्वांत प्रसिद्ध अपत्य. मॅसॅच्युसेट्सच्या अभियंत्यांनी त्यात एक धाडसी निर्णय घेतला: तर्काची सर्व कामे एकाच प्रकारच्या 'नॉर' गेटने करायची. चंद्रावर गेलेल्या आवृत्तीत अशा सुमारे २,८०० चिपा होत्या, प्रत्येकीत दोन गेट. घराणे होते रोधक आणि ट्रान्झिस्टर यांच्या जोडणीचे, म्हणजे आरटीएल. हे घराणे पुढे लवकरच अस्तास गेले. बाहेरच्या विद्युत गोंगाटापुढे त्याचा टिकाव फारसा लागत नसे आणि वीजही ते बरीच खाई. तरीही माणूस चंद्रावर उतरला तो याच घराण्याच्या बळावर. चिपा निवडताना सर्वांत नवे ते सर्वांत चांगले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या दस्तऐवजाचा जन्म. १९६१ साली टीआरडब्ल्यू या कंपनीतील जेम्स ब्यूई यांनी ट्रान्झिस्टरलाच ट्रान्झिस्टर जोडणारी रचना मांडली. तिचेच पुढे टीटीएल झाले. १९६३ साली सिल्व्हेनिया कंपनीने या रचनेच्या चिपा बाजारात आणल्या. परंतु राज्य केले ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने. १९६४ साली त्यांची ५४०० मालिका आली, ती लष्करासाठी: उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस तापमानात चालणारी आणि अर्थातच महाग. १९६६ साली तिचीच प्लॅस्टिकच्या आवरणातील स्वस्त भावंडे आली, शून्य ते ७० अंशांची. त्यांचा क्रमांक ७४००. इतर कंपन्यांनी हीच मालिका, हेच क्रमांक, हीच पायांची मांडणी उचलली. चार 'नँड' गेट हवे असतील तर ००, डीकोडर हवा तर १३८, आठ बिटे धरून ठेवायची तर ३७४. ही भाषा जगभर एक झाली.

आणि ते आकडे? त्यांचा उगम कोणत्याही समितीच्या लहरीत नाही, तो सिलिकॉनच्या स्वभावात आहे. सिलिकॉनचा एक जोड ओलांडायला सुमारे ०.७ व्होल्ट लागतात. टीटीएलच्या रचनेत येणारा संदेश 'एक' ठरण्यासाठी असे दोन जोड ओलांडावे लागतात. म्हणजे उंबरठा आला १.४ व्होल्टच्या आसपास. पण हा उंबरठा तापमानाने सरकतो, एका चिपेपासून दुसऱ्या चिपेपर्यंत बदलतो. म्हणून दोन्ही बाजूंना ०.६ व्होल्टची मोकळी जागा सोडली गेली. १.४ वजा ०.६ म्हणजे ०.८, आणि १.४ अधिक ०.६ म्हणजे २.०. देणाऱ्याने त्याहूनही सावध राहायचे: शून्य देताना ०.४च्या वर जायचे नाही, एक देताना २.४च्या खाली यायचे नाही. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये ०.४ व्होल्टची ही जी पट्टी उरली, ती गोंगाटासाठी सोडलेली गायरान जमीन समजा. हाच तो तह.

या तहात एक विषमता आहे, तिच्याकडे नीट पाहा. मंडलाला वीज मिळते ५ व्होल्टची, पण उंबरठा आहे १.४वर. म्हणजे तो मध्यावर नाही, खाली झुकलेला आहे. टीटीएलची चिप 'एक' सांगताना ५ व्होल्टपर्यंत पोहोचतही नाही. साधारण साडेतीन व्होल्टलाच थांबते. टीटीएलच्या जगात याने काही बिघडत नाही. साडेतीन हे दोनपेक्षा कितीतरी वर आहे.

याच सुमारास दुसरे एक घराणे शांतपणे वाढत होते. १९६३ साली फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वॉनलास आणि चिह-तांग साह यांनी परस्परपूरक ट्रान्झिस्टरांची जोडी मांडली: एक वर ओढणारा, एक खाली ओढणारा, एक चालू असला की दुसरा बंद. स्थिर असताना या जोडीतून वीज जवळजवळ वाहतच नाही. हे सीमॉस. १९६८ साली आरसीए कंपनीने त्यावर आधारलेली ४००० मालिका आणली. तीन व्होल्टपासून पंधरा व्होल्टपर्यंत कशावरही चालणारी, घड्याळाच्या सेलवर महिनोन्महिने तगणारी, पण अतिशय मंद. टीटीएलचे गेट दहा नॅनोसेकंदांत उत्तर देई, तर ५ व्होल्टवर ४०००ला शंभराहून अधिक लागत. शिवाय जोडीतील दोघे भाऊ समान बळाचे, त्यामुळे उंबरठा बरोबर मध्यावर: ५ व्होल्टला अडीच. माहितीपत्रकात त्याचे शब्द झाले असे: दीडच्या खाली शून्य, साडेतीनच्या वर एक.

साडेतीन! टीटीएल जेथे थांबते, नेमके तेथे सीमॉसचा 'एक' सुरू होतो. माझ्या मोटारीचे मरण या एका रेषेवर लिहिलेले होते.

पण थोडे थांबून हे सारे आपल्याकडे कसे पोहोचले ते पाहू. कारण परदेशातील पाठ्यपुस्तके घराण्यांची निवड वेग आणि विजेच्या हिशेबाने शिकवतात, आणि भारतात कित्येक वर्षे निवड होत होती ती 'काय मिळते' या हिशेबाने. १९६९ साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मंडळींनी टीडीसी-१२ हा संगणक उभा केला. या नावातील 'टी' म्हणजे ट्रॉम्बे. पुढे ही मालिका हैदराबादच्या ईसीआयएलने चालवली. १९७१ साली एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. त्या काळात परकीय चलन दुर्मीळ होते, आयातीला परवाना लागे, आणि अभियंत्याला चिपेच्या गुणांइतकाच तिच्या उपलब्धतेचा विचार करावा लागे. यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याच्या हाती जे दगड, त्याचा किल्ला त्याच दगडांचा.

१९८४ साली मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये उत्पादन सुरू झाले, ते सीमॉसचे, पाच मायक्रॉनच्या तंत्राने. जगभर अजून टीटीएलचा बोलबाला असताना सीमॉसची वाट धरणे हा निर्णय दूरदृष्टीचा होता, असे माझे मत आहे. १९८९च्या फेब्रुवारीत त्या कारखान्याला भीषण आग लागली आणि उत्पादन कित्येक वर्षे थांबले. त्या आगीवर स्वतंत्र धागा व्हायला हवा. येथे एवढेच पुरे.

दरम्यान मायक्रोकंट्रोलर जन्मला होता. १९८० साली इंटेलने ८०५१ बाजारात आणला: चाळीस पाय, चार किलोबाइट स्थायी स्मृती, १२८ बाइट तात्पुरती स्मृती, आठ-आठ तारांची चार बंदरे. आपल्याकडील पदविका आणि पदवीच्या अभ्यासक्रमांत याने जे ठाण मांडले ते अजूनही पुरते हललेले नाही. १९९३ साली अॅटमेलने त्याचा पुन्हा पुन्हा लिहिता येणारा ८९सी५१ आणला, आणि गावोगावच्या विद्यार्थ्यांच्या हाती तो आला.

८०५१च्या माहितीपत्रकात इतिहासप्रेमींना आनंद व्हावा असे एक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की पहिले, दुसरे आणि तिसरे बंदर प्रत्येकी चार एलएस टीटीएल भार ओढू शकते, आणि शून्य क्रमांकाचे आठ. मायक्रोकंट्रोलर स्वतःची ताकद अॅम्पिअरमध्ये न सांगता जुन्या घराण्याच्या मापात सांगतो आहे! पायली आणि कुडव गेले तरी एखादे आजोबा 'दोन पायल्या धान' म्हणतात, तसेच हे. एलएस ही टीटीएलची १९७०च्या दशकातील सुधारलेली शाखा. तिच्या ट्रान्झिस्टरांना शॉटकी डायोडची लगाम घातलेली असते, म्हणून ती जुन्या टीटीएलइतक्याच वेगाने चालते आणि वीज मात्र पाचपट कमी खाते: दर गेटला दहाऐवजी दोन मिलिवॅट. म्हणून ८०५१च्या पिढीतील बहुतेक आकृत्यांत चिपांच्या नावामध्ये 'एलएस' दिसते.

या बंदरांचा आणखी एक स्वभाव: ती खाली ओढताना बळकट आणि वर ढकलताना दुबळी असतात. शून्य देताना ती १.६ मिलिअॅम्पिअर गिळतात. एक देताना मात्र काही मायक्रोअॅम्पिअरच देऊ शकतात. हाही टीटीएलचाच वारसा. टीटीएलच्या चिपेला 'एक' ऐकवायला फारसे काही द्यावे लागत नाही, 'शून्य' ऐकवायला मात्र तिच्यातून येणारी वीज गिळावी लागते. म्हणून ८०५१ला एलईडी जोडताना तो धन बाजूकडून जोडून खाली ओढायचा, असे शिक्षक सांगतात. कारण विचारले की बहुतेक वेळा "तसेच जोडतात" एवढेच उत्तर मिळते. आता कारण तुमच्यापाशी आहे.

१९८०च्या दशकाच्या आरंभी दोन घराण्यांत सोयरीक झाली. सीमॉसच्या चिपा आता इतक्या बारीक आणि चपळ झाल्या होत्या, की त्या एलएसच्या वेगाला पोहोचल्या. त्यांना ७४०० मालिकेचेच क्रमांक आणि पायांची तीच मांडणी देण्यात आली: ७४एचसी. दोनपासून सहा व्होल्टपर्यंत चालणारी, स्थिर असताना जवळजवळ वीज न घेणारी, उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत टिकणारी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी जातो आणि उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात त्याहून बराच वर. तेथे एलएसच्या सत्तर अंशांपेक्षा हे पंधरा अंश मोलाचे. क्रमांक जुना, रक्त मात्र सीमॉसचे. उंबरठा अडीच व्होल्टवर.

म्हणून याच कुळात आणखी एक भावंड जाणीवपूर्वक जन्माला घातले गेले: ७४एचसीटी. शेवटचा 'टी' टीटीएलचा. त्याच्या प्रवेशद्वारावरील ट्रान्झिस्टरांच्या जोडीत खाली ओढणारा मुद्दाम बळकट ठेवला, त्यामुळे उंबरठा अडीचवरून घसरून सुमारे १.४वर आला. अंतरंग सीमॉसचे आणि उंबरठा टीटीएलचा. १९६४चा तह १९८०च्या दशकातील सिलिकॉनमध्ये हेतुपुरस्सर कोरला गेला, तो याच एका अक्षरात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ज्यांनी यादी हातात घेऊन चिपा शोधल्या आहेत, त्यांना ठाऊक असेल की विक्रेत्याच्या तोंडी फक्त अंक असतात. "तीनशे चौऱ्याहत्तर द्या." मधली अक्षरे गळून पडतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ही चूक ओळखीची वाटेल. एकाच नावाच्या दोन राजांची कागदपत्रे एकत्र करून ठेवावीत आणि मग सनावळी जुळत नाही म्हणून डोके धरावे, तसे हे. अंक सांगतात चिप काय करते. ती कोणाचे म्हणणे 'एक' मानते, हे अक्षरे सांगतात.

आता माझ्या विहिरीवरील त्या रात्रीचा उलगडा. एलएस१३८ची एक तार एचसी३७४च्या घड्याळाच्या पायाला जाऊन मिळत होती. स्वस्थ असताना ती तार 'एक' असे, म्हणजे सुमारे ३.४ व्होल्ट. एचसीचा प्रत्यक्ष उंबरठा अडीच. म्हणजे मोकळी जागा उरली ०.९ व्होल्टची, आणि तीही कागदावर हमी नसलेली. कागदावर एलएस २.७ व्होल्टचेच वचन देते आणि एचसी साडेतीन मागते. टेबलावर बल्ब लावला तेव्हा गोंगाट नव्हता, म्हणून चालले. शेतात काँटॅक्टरचे वेटोळे सुटताना उसळलेल्या झटक्याने ती तार क्षणभर एक-दीड व्होल्टने खाली गेली आणि परत आली. ३७४ ही चिप घड्याळाची तार वर येताना समोर जे दिसेल ते धरून ठेवते. तिने नेमके त्या क्षणी समोर असलेले भलतेच बिट धरले, आणि ते होते 'मोटार चालू'. एलएस किंवा एचसीटी असती, तर उंबरठा १.४वर असता आणि तोच झटका वरच्यावर विरून जाण्याची शक्यता पुष्कळ होती. प्रोग्रॅमने आदेश पुन्हा पुन्हा लिहायला हवा होता, ही चूक मात्र सर्वस्वी माझी.

विहिरीवरून आता खोडदला जाऊ. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ असलेली जीएमआरटी ही महादुर्बीण बहुतेकांनी पाहिली किंवा ऐकली असेल: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली आणि २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. तेथील अँटेनांमधील उपकरणांना आदेश देण्यासाठी आणि त्यांची नाडी पाहण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या अभियंत्यांनी एक सामाईक कार्ड रचले. त्याच्या मध्यभागी ८०५१च्याच कुळातील ८०सी५३५ हा मायक्रोकंट्रोलर होता. कार्ड चौसष्ट ठिकाणांची मापे वाचू शके आणि सोळा तारांवर आदेश देई. त्या आदेशांची पातळी टीटीएलची. मायक्रोकंट्रोलरच्या नावातील 'सी' सांगतो की तो सीमॉस आहे. बाहेर बोलायची भाषा मात्र जुन्या तहाची. ज्या कार्डाला नाना प्रकारच्या उपकरणांशी बोलायचे आहे, त्याने सर्वांना समजणारी बोली निवडावी, यात मला मोठे शहाणपण दिसते.

रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी घराण्याची निवड आणखी एका कारणाने नाजूक होते. चिपेचा संदेश शून्यावरून एकवर जितक्या झटकन चढतो, तितक्या उंच कंप्रतेपर्यंत तो रेडिओ गोंगाट पसरवतो. ढोबळ हिशेब असा: ०.३५ला चढायच्या वेळेने भागावे. पाच नॅनोसेकंदांत चढणारी चिप सत्तर मेगाहर्ट्झपर्यंत जोरात बोलते. दीड नॅनोसेकंदात चढणारी, म्हणजे ७४एसीसारखी अतिचपळ चिप, २३३ मेगाहर्ट्झपर्यंत. आणि २३३ मेगाहर्ट्झ हा या दुर्बिणीच्या मूळ निरीक्षणपट्ट्यांपैकी एक! अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुज ऐकायची आणि शेजारी आपल्याच चिपेने टाळ कुटायचे, असे होऊ नये म्हणून अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स धातूच्या बंदिस्त पेटीत ठेवतात. पण पेटीच्याही आधीचा नियम म्हणजे कामापुरता वेग, त्याहून अधिक नाही. मंदपणामुळे बाद झालेली ४००० मालिका कित्येक ठिकाणी अजून का टिकून आहे, याचे एक कारण येथे आहे.

तह जुना झाला, पण संपला का? आज तुमच्यापैकी अनेकांच्या हाती ईएसपी३२ असतो. तो चालतो ३.३ व्होल्टवर. हा पायंडा पडताना चिप-उद्योगाच्या मानक संस्थेने ३.३ व्होल्टच्या जगासाठी जे उंबरठे लिहिले, तेही तेच: ०.८ आणि २.०. सिलिकॉनचे ते दोन जोड आता चिपेत उरलेले नाहीत, पण त्यांची सावली उरली आहे. गणपतीच्या आरासीत रंग बदलणारी एलईडीची पट्टी लावून पाहा. पट्टी ५ व्होल्टची, तिला 'एक' मानण्यासाठी साडेतीन व्होल्ट हवे. ईएसपी३२ देणार ३.३. घरी चालते, मंडपात लांब तार टाकली की पट्टी भलतेच रंग दाखवू लागते. मधे ७४एचसीटी१२५ बसवली, की गणराय शांत. तीच साडेतीनची रेषा आणि तोच एका अक्षराचा उपाय.

म्हणून नव्या मंडलासाठी घराणे निवडायचे असेल, तर मी प्रश्नांचा क्रम असा ठेवतो: या चिपेशी बोलणार कोण, ती कोणाशी बोलणार, आणि वेग व वीज शेवटी. सर्व मंडळी ५ व्होल्टची आणि सीमॉस असतील तर एचसी पुरते. बोलणाऱ्यांत एखादी जरी एलएस किंवा ३.३ व्होल्टची असेल, तर ऐकणारी एचसीटी. नव्या मंडलासाठी एलएस मी विकत घेत नाही; जुने यंत्र दुरुस्त करताना मात्र तिच्याशिवाय दुसरी घालतही नाही. सीमॉसचा न वापरलेला प्रवेश-पाय मोकळा कधीच सोडू नये. टीटीएलचा मोकळा पाय आपसूक 'एक' समजून चालतो, सीमॉसचा मात्र अधांतरी लटकतो. अर्धवट उचललेला धागाच तो.

आमच्या विहिरीवरील मंडलात मी दोन बदल केले. घड्याळाच्या तारेवर ५ व्होल्टकडे ओढणारा ४.७ किलोओहमचा रोधक लावला, आणि पुढच्या नागपूर फेरीत ७४एचसीटी३७४ आणून जुनी काढली. प्रोग्रॅम आता दर सेकंदाला आदेश पुन्हा लिहितो. वाइंडिंग केलेली ती मोटार अजून चालते. काढलेली एचसी३७४ मी एका डबीत जपून ठेवली आहे. तिच्यात काही बिघाड नव्हता. बाबा मात्र त्यानंतरचे दोन उन्हाळे रात्री एकदा उठून बांधावर जाऊन येत असत.